लिमिटर काढल्यावर

साउंडदादानं तिचा आवाज आधी ऐकला, ती दिसली नंतर.

फार जुनी गोष्ट. दादा तेव्हा या धंद्यात नवा होता. एका गल्लीत भर उन्हात बसून कबुतरांच्या पंखांचा आवाज रेकॉर्ड करत होता. मांडीवर जडशीळ यंत्र, कानाला हेडफोन. यंत्रावर काचेआड एक काटा असायचा. आवाज वाढला की काटा उजवीकडे सरकायचा. कबुतरं आपसांत कुजबुजत होती, काटा जागच्या जागी थरथरत होता. तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून कुणीतरी हाक मारली, "ए लांब्या, चहा निवतोय." काटा असा उडाला की शेवटच्या खिळ्यावर जाऊन टक्कन आपटला. गल्लीतली सगळी कबुतरं एकदम उडाली. दादाच्या कानात पुढे किती तरी वेळ शिट्टी वाजत राहिली.

काठीला माईक लावून उभा असलेला त्याचा जोडीदार खाली बघत म्हणाला, की ती आपली ताई आहे, ती हळूच बोलली, एरवी याहून मोठ्यानं बोलते.

दादानं कान चोळला आणि तिला पुन्हा एकदा हाक मारायला सांग म्हणाला, या वेळी मी यंत्र सांभाळून बसतो. असं करता करता ती त्याच्या घरी आली आणि लांब्या त्याचा मेहुणा झाला. लांब्या हे नाव घरातलं. शूटिंगवर सगळे त्याला खांब म्हणायचे. कितीही लांबलचक सीन असला तरी तो माणूस माईकची काठी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून खांबासारखा उभा राहायचा. हात कधी हलला नाही.

लग्नानंतर दादाला फोनची गरज अशी फारशी पडली नाही. तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर असला तरी वरून "अहो" ऐकू यायचं. कोपऱ्यावरच्या दुकानात असला तरी ऐकू यायचं. दुकानदार म्हणायचा, जा दादा, आधी ओ देऊन या, सामान पळून जात नाही. आणि खांब जेवायला आला की हमखास विचारायचा, "दाजी, साऱ्या जगाला लिमिटर लावता, घरातच काय झालं?" त्यावर ती त्याच्या पानात वाढता वाढता त्याच्यावर असं काही ओरडायची की त्याचा प्रश्न तिथंच निकालात निघायचा.

लिमिटर म्हणजे काय ते इथं सांगून टाकलेलं बरं. आवाज रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राची एक ताकद असते. तिच्या वर आवाज गेला की तो फाटतो, आणि फाटलेला आवाज कुणाला शिवता येत नाही. म्हणून यंत्रात एक राखणदार बसवलेला असतो. आपण त्याला रेष आखून द्यायची. आवाज रेषेच्या खाली आहे तोवर राखणदार गप्प. रेष ओलांडली की तो आवाजाच्या डोक्यावर हात ठेवतो आणि त्याला खाली बसवतो. हात डोक्यावर असेपर्यंत यंत्रावर एक छोटा लाल दिवा लागलेला असतो. मात्र एका आवाजाच्या डोक्यावर हात ठेवला की शेजारचे गरीब आवाजही त्याच्याबरोबर दबतात. म्हणून रेष कुठे आखायची, हात किती वेळ ठेवायचा, हे माणूस बघून, जागा बघून ठरवावं लागतं. दादाचं सगळं आयुष्य ती रेष आखण्यात गेलं होतं.

हे त्यानं एकदा बायकोला समजावून सांगितलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की मी एवढी ओरडले, त्यातलं थोडंच तुमच्या डबीत गेलं, मग उरलेलं कुठं राहिलं? दादा हसला होता. 

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी फिरवून फिरवून सांगितलं नाही. जीव ठेवायचा तर आवाज जाईल, म्हणाले. ती खिडकीजवळच्या खाटेवर होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती दिवसभर बोलत होती, जणू सगळं बोलणं वापरून संपवायचं होतं. वॉर्डातल्या कुठल्या बाईला तिनं डोळा मिटू दिला नाही. सकाळी तिला न्यायला आले तेव्हा दादा खाली औषधांच्या खिडकीशी रांगेत उभा होता. वरून हाक आली. "अहो." सगळ्या दवाखान्यात घुमली. रांगेतली माणसं वर बघायला लागली. दादा औषधं तशीच टाकून जिना चढून धावला, पण तो वर पोचला तेव्हा आतलं दार मिटलं होतं. त्या हाकेला ओ द्यायची राहून गेली.

ती वाचली. घरी आली. गळ्यावर आडवी खूण होती, आणि आवाजाच्या जागी नुसता वारा. ओठ हलायचे, कापडावरून कापड ओढल्यासारखं काहीतरी व्हायचं, बस्स. माणूस वाचलं हेच खूप, असं सगळे म्हणाले. दादाही म्हणाला.

पण घर बदललं. पूर्वी तिला शांतता खायला उठायची. कुणी नसेल तर ती भांड्यांशी बोलायची. आता ती तासन्‌तास हात मांडीवर ठेवून बसून राही. दादा बोलायला लागला की त्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघे. त्याला काही हवं असलं की सांगायच्या आधी आणून देई. मध्ये त्याला ताप आला तर ती उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत राहिली, एकदाही उठली नाही. आजारातून उठलेलं माणूस बदलतं, हे दादा मनाला सांगत असे. मन ऐकून घेत असे.

वर्ष सरलं. त्या दवाखान्यानं रस्त्यापलीकडे नवी इमारत बांधली आणि जुनी मोकळी केली. पाडायच्या आधी तिथं शूटिंगला जागा देत होते. एका सिनेमात नायकाची आई वॉर्डात पडून असते, त्यासाठी नेमका बायकांचा तोच वॉर्ड घेतला होता. दादाला ते पहिल्या दिवशी जिना चढताना कळलं. त्यानं खांबाकडे पाहिलं, खांबानं काठीकडे. कामाला नाही कसं म्हणणार? 

काम सुरू झालं आणि काही दिवसांनी एडिटरचा निरोप आला. वॉर्डातल्या प्रत्येक सीनमध्ये बोलणं मध्येच बसतंय म्हणे. कुणी ओरडत नाही, काही पडत नाही, तरी नायकाच्या तोंडावर उशी ठेवल्यासारखा आवाज दबतो आणि मग वर येतो. दादांनी लिमिटर फार खाली लावलाय का, एकदा चष्मा लावून बघा म्हणावं. दिग्दर्शकानं हा निरोप चारचौघांत वाचून दाखवला. लाइटवाले हसले. असंच चाललं तर सगळ्या वॉर्डाचं डबिंग करावं लागेल, असं दिग्दर्शक शांतपणे म्हणाला. दादाला ते लागलं. त्यानं एवढंच सांगितलं, की जेवणाच्या सुट्टीत वॉर्ड मला रिकामा द्या, मी बघतो.

दुपारी सगळं युनिट खाली जेवायला गेलं. जनरेटर बंद झाला. वर दोघंच राहिले.

वॉर्ड लांबलचक होता. भिंती अर्ध्यापर्यंत हिरव्या तेलरंगाच्या, वर पांढऱ्या. लोखंडी खाटा दोन्ही बाजूंना ओळीनं. सिनेमासाठी मधल्या काही खाटांवर चादरी घातल्या होत्या, बाकीच्यांच्या नुसत्या पट्ट्या दिसत होत्या. खिडक्यांच्या काचा रंगवलेल्या, त्यातून ऊन दुधासारखं आत येत होतं. वर्षभरात इथं कुणी फरशी पुसली नव्हती, तरी फिनेलचा वास होता. त्या वासाच्या खाली आणखी एक बारीक वास होता, स्पिरिटचा. सुई टोचायच्या आधी दंडावर गार लागतं, तो.

खांब वॉर्डाच्या मधोमध काठी आडवी धरून उभा राहिला. दादानं हेडफोन लावले, यंत्र चालू केलं. खोली शांत असली तरी खोलीचा म्हणून एक आवाज असतोच. दादाला तो ऐकायचा होता. आणि यंत्रावरचा लाल दिवा लागला.

लागला आणि तसाच राहिला.

"लागलाय," दादा म्हणाला.

"काय?"

"दिवा."

"मग विझवा की. जेवण गार होतंय."

दादाला पहिल्यांदा वाटलं, ही घरघर असेल. लांबवर ट्रक जातो, तळघरात पंप चालतो, त्याची खोल घरघर कान सोडून देतो पण लिमिटर सोडत नाही. तिच्यासाठी यंत्रात चाळणी असते. ती लिमिटरच्या आधी लावायची असते. नंतर लावली तर काही फायदा नाही, आणि जुन्या जाणत्या माणसाकडून सवयीनं नेमकी हीच चूक होते. दादानं खाली वाकून पाहिलं. चाळणी आधीच होती. जिथं हवी तिथंच होती.

त्यानं वायर बदलली. माईक बदलला. दिवा विझला नाही. मग त्यानं रेष वर न्यायला सुरुवात केली. साधं बोलणं, भांडण, किंचाळी, असं एकेक मनात धरून तो रेष वर नेत गेला. प्रत्येक वेळी दिवा विझायला हवा होता. रेष यंत्राच्या माथ्याला टेकली. दिवा विझला नाही. म्हणजे माईकसमोर जे काही होतं ते या सगळ्यापेक्षा मोठं होतं. कानात मात्र काहीच नव्हतं. अगदी नीट लक्ष दिलं तर, कापडावरून कापड ओढावं, एवढंच.

दादाचा हात थांबला. हा आवाज तो रोज घरी ऐकत होता.

खांबाचे हात भरून आले असावेत. त्यानं काठी जरा दाराकडे वळवली. दिवा विझला. दादानं मान वर केली. खांबानं काठी पुन्हा मध्ये आणली, दिवा लागला. मग खांबानं काठी हळूहळू फिरवली. एकेका खाटेवरून माईक पुढे सरकत गेला. दादा नुसता दिव्याकडे बघत बोटानं दिशा दाखवत होता. खिडकीजवळच्या खाटेवर माईक आला तेव्हा तो दिवा असा पेटला की त्याचा लाल उजेड दादाच्या नखांवर पडला.

खाट रिकामी होती. पट्ट्यांवर धूळ होती.

भिंतीवर माईकची सावली पडली होती. ती थरथरत होती. इतक्या वर्षांत दादानं ती कधी थरथरताना पाहिली नव्हती.

"दाजी… खाली जाऊ."

"थांब."

"एडिटरला सांगा, मशीन बिघडलं."

दादानं मान हलवली. मशीन बिघडलेलं नव्हतं. कुणीतरी त्याच्यासमोर सगळ्या ताकदीनं ओरडत होतं, आणि दादाचाच राखणदार त्या डोक्यावर हात दाबून बसला होता. किती दिवस? शूटिंग सुरू झाल्यापासून? कबुतरांच्या त्या दुपारनंतर त्यानं कधी लिमिटर काढून हेडफोन कानाला ठेवले नव्हते. आता त्यानं बोट कळीवर ठेवलं, डोळे मिटले आणि लिमिटर काढला.

"अहो."

तोच आवाज. गच्चीवरचा, जिन्यावरचा, पुरा, धडधाकट. दादाच्या डोक्यात दोन्ही बाजूंनी शिरला आणि मध्ये येऊन भेटला. दुखलं. त्यानं हेडफोन काढले नाहीत. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तो हसायलाही लागला, दोन्ही एकदम.

"अहो… अहो, इकडे… अहो, ती मी नाही… मी इथं आहे… अहो…"

मध्ये दम नव्हता. बोलणारं माणूस श्वास घेतं, हा आवाज घेत नव्हता. एका हाकेची शेपटी संपायच्या आधी दुसरी येत होती. ओ मिळेपर्यंत ती थांबणार नव्हती, हे दादाला कळलं. वर्षभर ती थांबली नव्हती.

खांबाला बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. त्याला दिसत होता फक्त दाजींचा चेहरा. त्या चेहऱ्यावरचे ओठ उघडायला लागले तेव्हा त्यानं काठी टाकली. ज्या माणसानं कधी काठी खाली टेकवली नव्हती, त्यानं ती फरशीवर टाकून दिली आणि धावत येऊन दादाच्या तोंडावर हात ठेवला. न दिसणाऱ्याच्या हाकेला ओ दिली की माणूस तिकडचं होतं, हे त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं.

उशीर झाला होता. दादानं दिली होती. मोठ्यानं, मोकळ्या गळ्यानं, रांग सोडून धावत आलेल्या माणसासारखी.

"ओ."

काठी फरशीवर घरंगळत गेली आणि एका खाटेला लागून थांबली. मग काही हललं नाही. कानातली हाक बंद झाली होती. दादानं लिमिटर पुन्हा लावला, रेष पार खाली आणली. माईक खिडकीकडे धरला. दिवा लागला नाही. वॉर्ड आता खरोखर रिकामा होता.

"कुणाला ओ दिलीत?" खांबानं विचारलं.

दादानं सांगितलं. कुणाचा आवाज, आणि काय म्हणत होता तेही. मग हेडफोन काढून त्याच्यापुढे धरले, की रेकॉर्ड झालंय, तूच ऐक. खांब मागे सरला. हात पाठीमागे घेतले त्यानं, लहान पोर औषध बघून घेतं तसे. आणि खाटेकडे पाठ करून बोलला.

"मी ताईकडे जेवायला येत नाही, दाजी. वर्ष झालं. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही."

"का?"

"तिला घरी न्यायला आपण आलो होतो ना… तेव्हा ती मला बघून हसली. ओळखीचं हसतात तसं. ताई मला बघून कधी हसलीय? ताई मला बघितलं की आधी रागावते. मग वाढते."

दादानं हेडफोन गळ्यात अडकवले.

"मला तिची भीती वाटते," खांब म्हणाला.

दुपारनंतरचं काम बिनघोर झालं. एकदाही आवाज दबला नाही. दिग्दर्शक म्हणाला, आता कसं, आणि दादाच्या खांद्यावर थोपटलं. खांब नेहमीसारखा उभा होता, पण दोन शॉटच्या मध्ये दादाजवळ येऊन बसला नाही.

संध्याकाळी उजेड असतानाच दादा घरी आला. यंत्र आणि छोटा माईक त्यानं बरोबर आणले होते. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तो जरा थांबला. वरून काही आलं नाही. तो वर पोचला, आणि बेल वाजवायच्या आधी तिनं दार उघडलं. हल्ली ती तसंच उघडायची.

तिनं त्याच्या हातातली पिशवी घेतली. पाणी आणून दिलं. त्याचे पाय सुजले होते ते तिच्या लगेच लक्षात आलं, आणि ती खाली बसून त्याचे पाय चेपायला लागली. दादा तिच्या डोक्याकडे बघत राहिला. भांग तोच होता. कानामागचा तीळ तोच होता. हात गरम होते. ही कोण असेल ती असो, त्याच्या तापात रात्रभर हीच जागली होती. खिडकीजवळच्या खाटेवरून जी ओरडत होती तिनं त्याचं सगळं आयुष्य भरून टाकलं होतं. दोघींना एकदम खरं मानायला त्याच्या छातीत जागा नव्हती. कळायला हवं होतं. कळलं नाही तर उद्या सकाळी हिच्या हातचा चहा कसा घ्यायचा?

"जरा इथं बस," तो म्हणाला.

ती टेबलाशी त्याच्यासमोर बसली. दादानं यंत्र मध्ये ठेवलं, माईक जोडला, हेडफोन लावले. या यंत्राला काटा नव्हता, हिरव्या दिव्यांची एक पट्टी होती. आवाज असेल तसे दिवे डावीकडून उजवीकडे लागत जायचे. त्यानं माईक स्वयंपाकघराकडे धरला. नळ ठिबकत होता, दिवे लागत विझत होते. दाराकडे धरला. खालच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली, ती ऐकू आली. मग त्यानं माईक तिच्याकडे वळवला.

सगळं बंद झालं.

शांत झालं असं नव्हे. शांत माणूसही माईकसमोर शांत नसतो. श्वास असतो, कापड असतं, गिळणं असतं, पोटातलं असतं. दादानं झोपलेली माणसं रेकॉर्ड केली होती, त्यांचेही दिवे लागायचे. इथं एकही लागेना. विहिरीत माईक सोडावा आणि विहीरच नसावी, असं काहीतरी कानात होतं.

"एकदा अहो म्हण," दादा म्हणाला. त्याचा स्वतःचा आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला.

तिचे ओठ हलले. अहो असाच आकार झाला. दिवे लागले नाहीत. दादानं लिमिटर काढला. यंत्राची सगळी ताकद वाढवली, मुंगीचं चालणं ऐकू यावं इतकी. ती पुन्हा म्हणाली. पुन्हा काही नाही.

ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं हात पुढे केला आणि झोपी गेलेल्या माणसाचा चष्मा काढून ठेवावा तसे, हलक्या हातानं, त्याच्या डोक्यावरचे हेडफोन काढून घेतले. स्वतःच्या कानांना लावले. यंत्राला ती कधी हात लावत नसे. आता तिनं माईक उचलला, नीट फिरवला आणि त्याच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरला.

ऐकायला लागली.

दादाला रडू येत होतं. तो बोलायला लागला. म्हणाला, की मी आज तिथं गेलो होतो. तिला ओ दिली. तू कुणीही असलीस तरी तू मला काही वाईट केलं नाहीस, हे मला माहीत आहे. फक्त मला सांग, लिहून दे, खूण कर, ती जर तिथं होती तर तू…

बोलता बोलता त्याची नजर यंत्रावर गेली.

यंत्र चालू होतं. ताकद होती तशी, पुरी वाढवलेली. पट्टीवर एकही दिवा नव्हता.

तो थांबला. घसा खाकरला. पट्टी काळीच. बोटं टेबलावर आपटली, त्याला स्वतःला टकटक ऐकू आली, पट्टी काळीच. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि माईकमध्ये सोडला.

पट्टी काळीच राहिली. दुपारी ओ देऊन जो त्या हाकेपाशी गेला, तो तिथून परत आलाच नव्हता.

ती अजून ऐकत होती. डोळे मिटून, मान किंचित कलती करून. मग तिनं हेडफोन काढले, त्यांची वायर गुंडाळली आणि सगळं नीट त्याच्यापुढे ठेवलं. वर्षभरात पहिल्यांदा तिनं त्याच्या तोंडाकडे न बघता डोळ्यांकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, भीती नव्हती. घर चुकून दुसऱ्याच दारात आलेलं माणूस बघतं, तसं ते बघणं होतं.

ती उठली. खुर्ची आत सरकवली. दार उघडलं.

दादा उभा राहिला. हाक मारावी असं त्याला वाटलं, तोंड उघडलंही. पण कोणत्या नावानं मारायची, आणि मारली तर ती हाक निघेल का, हे त्याला कळेना. तो तसाच, टेबलाच्या कडेला धरून, उघड्या तोंडानं उभा राहिला.

ती अनवाणी जिना उतरून गेली.